नऊ कुप्यांचा खुलासा

ती मोबाइलची बॅटरी बंद करा बघू, डोळ्यांवर येते. लाइट काय, येईल तेव्हा येईल. तोवर एक सांगतो. हे मी कुठं वाचलेलं नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय, आणि त्यातलं शेवटचं तर मी या दोन डोळ्यांनी पाहिलंय. पटलं तर ठेवा, नाही तर जिना उतरताना इथंच टाकून जा.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मोठ्या दवाखान्यात नर्स. पुरुष नर्सला तिथं सगळे ‘ब्रदर’ म्हणतात. सत्तावीस वर्षं सगळ्या गावाच्या तोंडी तेच. इतकं, की घरी बायको चिडली की तिच्याही तोंडून निघायचं, “अहो ब्रदर, ऐकताय का?” आणि मग स्वतःच जीभ चावायची. आपणही त्याला ब्रदरच म्हणू.

तर अकरा नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाला ब्रदर घरातून निघाला, ड्यूटीच्या दीड तास आधी. त्याला रेघांचे कागद घ्यायचे होते. दवाखान्याच्या कोपऱ्यावर स्टेशनरीचं दुकान आहे, तिथं गेला. म्हणाला, “दहा कागद द्या. आणि एक काळं पेन.”

दुकानदार ओळखीचा. “काय ब्रदर, पुस्तकबिस्तक लिहिताय की काय?”

“छे हो. एका ओळीचं काम आहे.”

“मग दहा कागद कशाला?”

ब्रदर नुसता हसला. त्याला आधीच ठाऊक होतं, ती एक ओळ दहा कागदांत बसायची नाही.

त्याच्या खिशात एक पत्र होतं. सर्जिकल वॉर्डच्या कपाटातून मॉर्फिनच्या नऊ कुप्या गायब आहेत. सात आठवड्यांत नऊ. नऊच्या नऊ तुमच्या रात्रपाळीत. आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा बुधवारी सकाळी दहापर्यंत द्यावा.

मॉर्फिन म्हणजे दुखणं मारणारं सगळ्यात जालीम औषध. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी असते. मान मोडायची, सुईत ओढायचं, टोचायचं. नशा करणारे त्यासाठी काय वाट्टेल ते करतात, म्हणून ते भिंतीतल्या लोखंडी कपाटात असतं. कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली वॉर्डच्या नर्सकडे, दुसरी रात्रीच्या डॉक्टरकडे. दोघं हजर असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही, असा नियम.

“मग एकटा माणूस चोरणार कसा?” बरोबर. मीही हेच विचारलं होतं.

त्याचं असं झालं. सप्टेंबरच्या चोवीस तारखेला सतरा नंबरच्या कॉटवर एक गवंडी होता. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून, म्हणजे बांधकामाच्या बांबूच्या मचाणावरून पडलेला. कमरेच्या हाडांचा चुरा. दिवसभर ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता, नुसती हवा निघायची तोंडातून. रात्री दोनला पाच कमी असताना त्याची कळ अनावर झाली. ब्रदरची किल्ली कमरेला होती. डॉक्टरची किल्ली डॉक्टरच्या खिशात, आणि डॉक्टर खाली ऑपरेशनमध्ये, एका पोराच्या फुटलेल्या पोटात हात घालून उभा. तो बाहेर येणार कसा आणि किल्ली देणार कशी?

गवंड्याच्या हाताशी चमचा होता. त्यानं तो कॉटच्या दांड्यावर आपटायला सुरुवात केली. ठक ठक. थांबायचं. ठक ठक. वीट पक्की आहे का बघायला ठोकतात ना, तसं. आणि ब्रदर त्याच्याजवळ जाऊन दर वेळी सांगायचा, “आली हो किल्ली. आलीच. एवढं पाच मिनिटं.”

ती पाच मिनिटं दोन तास दहा मिनिटं चालली. चार वाजून पाच मिनिटांनी ठोकणं थांबलं. किल्ली आली सव्वाचारला.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर रात्री आपली किल्ली ब्रदरच्या हातावर ठेवायला लागला. पोरगाच तो, सव्वीस-सत्तावीसचा. त्यालाही ते लागलं होतं. “ब्रदर, तुमच्याकडेच असू दे. परत तसं नको व्हायला.” नियमाबाहेरचं होतं, पण ब्रदरनं घेतली. तुम्ही असतात तर घेतली नसती?

आणि त्याच आठवड्यात पहिली कुपी गेली. रात्री मोजल्या तेव्हा बारा, सकाळी अकरा. कुलपं जिथल्या तिथं. ब्रदरनं स्वतः जाऊन मेट्रन बाईंना, म्हणजे सगळ्या नर्सच्या वरच्या बाईंना, सांगितलं. त्या म्हणाल्या, “नीट मोजा, वय झालं आता.” दुसरी गेली, तेव्हाही सांगितलं. तिसरी गेली, तेव्हाही. सगळं तोंडी. कागदावर काही नाही. चौथ्या वेळेला त्याची जीभ उचलेना.

पत्र आल्यावर तो डॉक्टरला भेटला. डॉक्टर त्याला जिन्याखाली घेऊन गेला.

“ब्रदर, किल्लीचं लिहू नका. हात जोडतो. माझं अजून एक वर्ष बाकी आहे, पदवी हातात पडायची आहे.”

“मग मी काय लिहू?”

“मला माहीत नाही. पण विचारलं तर मला नाही म्हणावं लागेल.”

मेट्रन बाई तशा चांगल्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. “नजरचूक झाली असं लिहा. मोजण्यात चुकलो म्हणा. मी वर सांभाळून घेते.”

“पण चुकलो नाही ना बाई. मोजणं बरोबर होतं. कुप्याच कमी होत्या.”

“तेच तर,” बाई म्हणाल्या. “तेच लिहिलंत तर मग त्या गेल्या कुठं, हे तुम्हाला सांगावं लागेल.”

घरी बायको म्हणायची, खरं ते लिहा. मुलगी त्याच दवाखान्याच्या नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिच्या कानावर आलंच होतं. सोमवारी रात्री तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही घेतल्या का?” तो म्हणाला, “नाही गं.” ती म्हणाली, “बरं.” आणि पुस्तकात डोकं घातलं. ब्रदर मला म्हणाला, “भाऊ, पत्रानं मला जेवढं लागलं नाही ना, तेवढं त्या ‘बरं’नं लागलं.”

असो. मंगळवारची रात्र. ज्याच्यावर चोरीचा आळ, त्यालाच पुन्हा त्याच वॉर्डात ड्यूटी. कारण काय, तर माणसं कमी. फक्त त्याच्याकडची किल्ली काढून घेतली. एक किल्ली समोरच्या वॉर्डातल्या सिस्टरकडे, दुसरी डॉक्टरकडे. ब्रदरच्या खिशात पत्र, हातात दहा कागद.

वॉर्डात चोवीस कॉट. त्या रात्री पेशंट चौदा. सतरा नंबर रिकामा. दुपारीच कुणी घरी गेलेलं, गादी दुमडून डोक्याच्या बाजूला ठेवलेली, खाली नुसत्या लोखंडी पट्ट्या. दाराशी बाकावर आयाबाई. तिला सगळे मावशी म्हणतात. अकराला तिनं चहा आणून दिला.

“लिहा काही तरी आणि मोकळे व्हा, ब्रदर. आपल्यासारख्याचं कोण वाचतंय?”

“वाचायलाच मागितलंय ना पण.”

“मागतात हो. मागायला काय जातंय?” असं म्हणून ती बाकावर आडवी झाली, आणि दहा मिनिटांत घोरायला लागली.

ब्रदर टेबलाशी बसला. पाठीमागे भिंतीत कपाट. त्यानं लिहिलं, ‘मी औषध घेतलेलं नाही.’ पुढं काही सुचेना. कागद फाडला. दुसरा घेतला. ‘मी औषध घेतलेलं नाही.’ परत तेच. बारा वाजले. एक वाजला. मध्ये उठून दोन सलाइनं बदलली, एका म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं, परत येऊन बसला. टोपलीत सहा कागदांचे बोळे झाले.

घड्याळात पाच कमी दोन.

ठक ठक.

त्यानं मान वर केली. वाटलं, कुणाला पाणी हवं असेल. सगळीकडे नजर फिरवली. चौदाच्या चौदा झोपलेले.

ठक ठक.

तो उठला. टॉर्च घेतला. कॉटच्या दोन रांगांमधून चालत गेला. बारा… चौदा… सोळा. सतराजवळ आला. दुमडलेली गादी. लोखंडी पट्ट्या. चमचा नाही, पेला नाही, काही नाही. त्यानं दांड्याला हात लावला.

दांडा थरथरत होता. ताटाला चमचा लागल्यावर ताट थरथरतं ना… तसा.

तो मागे फिरला. पळाला नाही. सत्तावीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस, मेलेली माणसं हातानं गुंडाळलेली. पण मला म्हणाला, टेबलापर्यंतची ती वीस पावलं संपेनात.

“मावशी,” त्यानं हाक मारली. “अहो मावशी.”

मावशी घोरत होती.

ठक ठक.

आता आवाज सतराकडून नव्हता.

कपाटातून होता. आतून. लोखंडी दारावर.

(काय रे? बस ना जवळ सरकून. मी कुठं नाही म्हणतोय.)

ब्रदर कपाटासमोर उभा राहिला. दोन्ही कुलपं लागलेली. एक आवाज झाला की खालचं कुलूप किंचित हलायचं. त्याला सगळं उमगलं. त्या क्षणी, एकदम. नऊ कुप्या. सात आठवडे. कोण नेतं आणि कशासाठी…

आणि मग त्याला भीती वाटेना, असं म्हणाला. लाज वाटायला लागली.

“मामा,” तो म्हणाला. गवंड्याला तो मामा म्हणायचा. “मामा… किल्ली नाही माझ्याकडे.”

ठक ठक.

“तेव्हाही नव्हती. आताही नाही. काढून घेतली.”

थांबलं. वाट बघितल्यासारखं.

ठक ठक.

“डॉक्टरला फोन लावतो.” त्यानं लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. समोरच्या वॉर्डातल्या सिस्टरकडे जावं म्हटलं. पण सांगणार काय? मेलेल्या माणसाला सुई द्यायची आहे, किल्ली द्या?

ठक ठक… ठक ठक…

तो तिथंच बसला, फरशीवर, कपाटाला खांदा टेकून. आणि त्याच्या तोंडून निघालं, सवयीनं निघालं…

“आली हो. आलीच किल्ली. पाच मिनिटं.”

ठोकणं बंद झालं.

ट्यूबलाइटची घरघर. मावशीचं घोरणं. बाकी काही नाही.

मग त्याचं मनगट कुणी तरी धरलं.

डावं मनगट. थंडगार वगैरे नाही. भुताचा हात थंड असतो म्हणतात, तसं काही नाही. गरम. फणफणलेल्या माणसाचा असतो तसा. कोरडा. खरबरीत, सिमेंटनं खाल्लेला.

दिसत काही नव्हतं. मनगटावरची कातडी फक्त चार जागी दबलेली. आणि एका जागी अंगठ्याची.

दाब वाढला. कळ आली की पेशंट धरतात, तसा. सुटला. परत वाढला.

ब्रदरनं हात ओढला नाही.

मी विचारलं त्याला, का नाही ओढलास? म्हणाला, “इतक्या वर्षांत धरलेला हात मी कधी ओढून घेतला नाही, भाऊ. आणि त्या रात्री दुसरं होतं काय माझ्याकडे द्यायला?”

अडीच.

तीन.

साडेतीन.

हात बधिर झाला. बोटं पांढरी पडली. तो बोलत राहिला हळूहळू. काय बोलला ते त्यानं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

चार.

चार वाजून चार मिनिटं…

कपाटात बारीकसा आवाज झाला. टक.

कुपीची मान मोडली की होतो तो आवाज. नर्सला तो झोपेतसुद्धा ओळखू येतो.

आणि मनगटावरची पकड हलके हलके सैल झाली.

सकाळी सहाला किल्ल्या आल्या. सिस्टर आली, डॉक्टर आला, मेट्रन बाई स्वतः आल्या. दोन्ही कुलपं काढली. मोजल्या. रात्री आठला अकरा होत्या. आता दहा.

ब्रदरला वाटलं, सुटलो. किल्ल्या माझ्याकडे नव्हत्याच, आता तरी कळेल यांना. तसं बोललाही तो.

मेट्रन बाईंनी दोन्ही कुलपं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्या किल्ल्या आहेत.”

“बाई…”

“मावशी म्हणते, पहाटे तिला जाग आली तेव्हा तुम्ही कपाटाला टेकून बसला होतात. खाली, फरशीवर. काय करत होतात?”

काय करत होता, सांगा ना तुम्ही. आहे उत्तर?

डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होता.

दहा वाजायला वीस मिनिटं असताना ब्रदरनं खुलासा लिहिला. एका दमात. दहा कागद लागले नाहीत, एकच पुरला. त्याची नक्कल मी वाचली आहे. त्यात किल्लीचं नव्हतं, डॉक्टरचं नव्हतं, मंगळवारच्या रात्रीचंही नव्हतं. त्यानं लिहिलं होतं:

‘औषध मी घेतलेलं नाही. परंतु दिनांक चोवीस सप्टेंबरच्या रात्री सतरा नंबरच्या पेशंटला ते मिळायला हवं होतं. तो दोन तास दहा मिनिटं मागत होता. मी शेजारी होतो आणि देऊ शकलो नाही. त्याबद्दल मला आजवर कुणीही खुलासा विचारला नाही. तो मी आज देत आहे.’

खाली सही.

आठवड्यानं चौकशीला बोलावलं. लांब टेबल, तीन साहेब. मधल्या साहेबांनी कागद वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं.

“अहो, विचारलंय काय आणि लिहिलंय काय तुम्ही? चोवीस तारखेचा इथं काय संबंध?”

“तेवढंच खरं आहे साहेब माझ्याकडे.”

“कुप्या कुठं गेल्या?”

“ज्याला लागत होत्या त्याला गेल्या.”

“म्हणजे कुणाला विकल्या?”

साहेबांनी लिहून घेतलं, ‘समाधानकारक उत्तर दिलं नाही.’

कामावरून काढलं. पोलिसात दिलं नाही. दवाखान्याचं नाव नको म्हणून. तेवढी मेहरबानी. आणि गंमत बघा, तो गेला त्या दिवसापासून तिथं एकही कुपी कमी पडली नाही. एकही नाही. मग काय, सगळ्यांची खात्रीच पटली. मुलीनं कॉलेज सोडलं नाही, पण जाण्या-येण्याची वाट बदलली, वॉर्डासमोरून जाईना.

फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. तो तेव्हा एका गोदामावर रात्रीचा पहारेकरी होता. दुपारी झोपून उठलेला. मी विषय काढला नव्हता, त्यानंच काढला. सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसं. खरं सांगायचं तर मी मनात म्हटलं, नोकरी गेल्याच्या धक्क्यानं बिचाऱ्याचं डोकं चळलं. चेहऱ्यावर दिसलं असणार माझ्या.

तो उठला. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून सुई आणली. डाव्या हाताची बाही वर केली.

“बघ,” म्हणाला.

आणि मनगटावर सुई टोचली. चांगली आत. मी ओरडलो, तो नाही. रक्ताचा थेंब आला. काढली, बोटभर अंतरावर परत टोचली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मग खालच्या बाजूला, एकदा.

“काही कळत नाही इथं. त्या रात्रीपासून. दोन डॉक्टरांना दाखवलं, त्यांना शीर सापडत नाही कुठली ते.”

मग सुई जराशी, तांदळाच्या दाण्याएवढी बाजूला नेऊन टेकवली फक्त. “स्स… आई गं!” झटकन हात मागे घेतला.

मी त्याचा हात उजेडात धरला. रक्ताचे पाच ठिपके. चार एका ओळीत, मनगटाच्या वरच्या अंगाला. पाचवा खाली, समोरून.

मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला. उभ्यानं ठेवला, जमेना. शेजारी बसून ठेवला, तरी बोटं उलटी पडायची. शेवटी त्याला पेशंटच्या उशाशी बसतात तसं खुर्चीत बसवलं, आणि मी जमिनीवर पाठ टेकून आडवा झालो, आणि खालून हात वर केला.

पाचही बोटं बरोबर बसली.